दोन डांगी आणि माझी शिफारस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. मधेच कोणी हसलं की माझं पुढचं वाक्य पळून जातं. आणि या प्रकरणात हसं माझंच झालेलं असल्यामुळे पुढची वाक्यं मलाच शोधून आणावी लागतात.

तर मी प्राची. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या एका गावात राहते. शहापूरला कॉलेज केलं, बी.ए. झाले, आता तिथंच एका क्लासच्या ऑफिसात बसते. फोन वाजला की आधी दचकते, मग उचलते. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला माहीत असतं, तरी झाली की माझ्या हातातली पळी खाली पडते. आई म्हणते, हिला जन्मल्या जन्मल्या कोणीतरी मागून 'भॉ' केलं असणार.

मी बिनधास्त असते ती फक्त एका बाबतीत. गाणी. तीही सगळी नाही. मला आवडतात ती नवी, अजून कोणाच्या कानावर न पडलेली गाणी. इंडी पॉप म्हणतात त्याला. म्हणजे कसं, मागे कंपनी नाही, हिरो-हिरोईन नाहीत, फॉरेनचा बर्फ नाही. कुणीतरी पोरगी आपल्या खोलीत गादी भिंतीला उभी करते, खिडकी लावून घेते, पंखा बंद करते आणि घामाघूम होत गाते. ते गाणं कोणीच ऐकलेलं नसतं. आपण ऐकतो. त्या वेळी असं वाटतं की शेतातल्या पहिल्या काकडीचा पहिला घास आपल्याला मिळाला.

आमचा तीन मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. नाव 'कानात काय?'. दर शुक्रवारी प्रत्येकीनं नवी गाणी सुचवायची. नुसती लिंक टाकायची नाही, गाणं का आवडलं ते व्हॉइस मेसेज करून सांगायचं. रेश्मा एका वाक्यात संपवते. मी संपवत नाही. समोर माणूस नसला की मला भीती वाटत नाही, त्यामुळे मी फार बोलते.

त्या शुक्रवारी माझ्याकडे तीन गाणी होती. पहिलं, 'इस्त्री'. सांगलीकडची एक मुलगी बापाच्या शर्टाला इस्त्री करता करता गाते, आणि कॉलरपाशी आली की तिचा आवाज असा काही बारीक होतो की मी बसमध्ये रडले होते. तिसरं, 'बादली'. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलेलं, नळाचं पाणी बादलीत पडतं तोच ताल. आणि मधलं होतं माझं सगळ्यात लाडकं. दोन भावांची जोडी आहे, इगतपुरीकडची. त्यांनी स्वतःचं नाव ठेवलंय 'दोन डांगी'.

आता डांगी म्हणजे काय, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. डोंगरपट्ट्यातली बैलांची जात. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, धो धो पावसात कुरकुर न करता चिखल तुडवणारे. या भावांच्या आजोबांकडे तशी जोडी होती म्हणून त्यांनी ते नाव घेतलं. किती गोड ना? मलाही तेव्हा गोडच वाटलं होतं.

सकाळी डबा करता करता मी पहिला मेसेज पाठवला. इतक्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकीनं वालाच्या पापड्यांचा फोटो टाकला. या ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. त्यात सगळे चुलत, आत्ये, मावस आहेत, शिवाय ज्यांचं नातं कोणालाच सांगता येत नाही अशी दोघं. मी फोटो उघडला, 'छान' असं लिहिलं, आणि तिथंच बोट दाबून दुसरा मेसेज बोलायला लागले. तो मेसेज पुढे मी इतक्या वेळा ऐकला, म्हणजे लोकांनी मला ऐकवला, की तोंडपाठ आहे.

"तर मंडळी, आता ही जोडी. दोन डांगी. नाव लिहून ठेवा. इगतपुरीकडचे आहेत, सख्खे भाऊ, आणि एकदम नवे. सुरुवातीला वाटेल, काय हे, किती संथ. घाई करू नका. दीड मिनिट थांबा. दीड मिनिटानं जे उठतात ना, पायाखालची जमीन हलते. एकाचा आवाज जाड आहे, एकाचा मऊ, पण एकमेकांना सोडून जात नाहीत. सगळं घरच्या घरी, बाहेरची भेसळ नाही. मी तर काल त्यांना उशाशी घेऊनच झोपले. अजून फार कोणाला माहीत नाहीत म्हणून सांगते, आत्ताच धरा. आणि कुठं लाईव्ह दिसले, तर अजिबात सोडू नका."

कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. बोट सुटलं. मेसेज गेला.

मला पत्ताच नाही. 'बादली'चा मेसेज बरोबर मैत्रिणींना गेला, आणि मी डब्यात भाजी भरायला लागले. पाच मिनिटांनी रेश्माचं उत्तर आलं, "इस्त्री झाली, बादली झाली, मधलं कुठंय?"

मी म्हटलं, पाठवलं की. आणि बघते तर 'आपली माणसं'वर काकांचा मेसेज येऊन पडलेला. दोनच शब्द.

"किती दाती?"

मला वाटलं काकांचा दात दुखतोय.

नंतर कळलं, बैलाचं वय दातांवरून ठरतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती. पण ते कळायच्या आधी मला माझाच मेसेज वर दिसला.

इथे तुम्हाला एक गोष्ट माहीत पाहिजे. मुरबाडजवळच्या म्हसा गावाची जत्रा पुढच्याच आठवड्यात होती. म्हशाला गुरांचा मोठा बाजार भरतो, आणि आमचे काका त्या बाजाराकडे दिवाळीपासून डोळे लावून बसले होते. त्यांचा एक बैल दिवाळीआधी गेला होता, दुसरा म्हातारा. आमची भातखाचरं डोंगराच्या उताराला, एवढी एवढीशी, ट्रॅक्टर तिथे उतरत नाही. उतरला तर वर येत नाही. म्हणजे जोडी मिळाली नाही तर पावसात काकांचा नांगर भिंतीला टेकलेला राहणार, आणि काका त्याच्याशेजारी.

मी घाईघाईनं मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. सुटले, असं वाटलं.

कुठली सुटते? माझ्या आयुष्यात मी केलेली ती सगळ्यात मोठी चूक. मेसेज तसाच राहिला असता तर लोकांनी एकदा ऐकून सोडून दिला असता. डिलीट केल्यावर सगळ्यांनी कान टवकारले. काकांनी तोवर तो त्यांच्या बाजाराच्या ग्रुपवर पाठवलाही होता, आणि तिथं अर्ध्या तालुक्यातले शेतकरी. तिथं असं ठरलं की पोरीला पक्की खबर आहे, चुकून बोलून गेली, आणि आता लपवतेय.

दहाव्या मिनिटाला काका आमच्या ओट्यावर. काकांचं घर शेजारीच, पण ते सहसा असे येत नाहीत. मला बघितलं की ते नेहमी एकच वाक्य म्हणायचे, "कानातली बोंडं काढ गो." बोंडं म्हणजे माझे इयरफोन. त्या दिवशी ते चक्क माझ्यासमोर पाटावर बसले.

"कवा बघितलेस?"

"काका, ते बघायचे नसतात, ऐकायचे असतात," मी म्हटलं.

"मीपण तेच सांगतो लोकांना. बैल नुसता बघून घेऊ नये. त्याच्या हंबरण्यावरनं कळतं."

"ते बैल नाहीत, काका."

काकांनी कपाळ खाजवलं. "म्हंजे अजून गोऱ्हे हायत? लावलं नाय त्यांना कामाला?"

"नाही हो. ते... ते गातात."

काकांनी मागे वळून काकीला हाक मारली. काकी कुंपणापलीकडे पापड्या वाळत घालत होती. "ऐकलंस का गो? बैल हंबारतात, हिला गाणं वाटतं. जन्मात गोठ्यात गेली नाय, पण माया बघ. उशाशी घेऊन झोपली त्यांना."

"चावलं नाय ना काय?" काकी म्हणाली.

"काका, मी तुम्हाला नीट सांगते," मी म्हटलं, आणि नेमका माझा फोन थरथरला. मी दचकून तो पाण्याच्या कळशीत टाकला.

फोन वाळेपर्यंत काका गेले होते. आणि जाता जाता आईला म्हणाले, ते मी आतून ऐकलं. "वैनी, आमी उगाच बोललो. शिकली ती फुकट नाय गेली. चार वर्षं कान कुठं लावून बसलीवती ते आज कळलं."

आता तुम्हीच सांगा. तेवीस वर्षांत काकांनी पहिल्यांदा माझं कौतुक केलं. त्यांच्या मागे धावत जाऊन 'ते कौतुक परत घ्या' असं कसं म्हणायचं? मी ठरवलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ठरवलं, सकाळी सांगू.

सकाळी कळलं की काकांनी जानूभाऊंना फोन करून टाकला. जानूभाऊ म्हणजे मुरबाडकडचे त्यांचे जुने दोस्त. त्यांनी एक तांबूस जोडी खास काकांसाठी दिवाळीपासून राखून ठेवली होती. काका त्यांना म्हणाले, "जाना, तुझी जोडी कुणाला द्यायची त्याला दे. माझ्या पुतणीनं दुसरी धरलीय." जानूभाऊंना राग आला. त्यांनी जोडी दुपारपर्यंत दुसऱ्याला देऊन टाकली.

झालं. हातची जोडी गेली, आणि जी धरली होती ती माझ्या मोबाइलमध्ये होती.

मी रेश्माला फोन केला. रेश्मा पोटभर हसली आणि म्हणाली, "गाणं ऐकलं मी. खरंच भारी आहे."

"रेश्मा, मी मरतेय इकडे."

"दीड मिनिटानं खरंच उठतात गं."

जत्रेला मला नेलंच. बाबांची भातसानगरला धरणावर ड्युटी, नाहीतर त्यांच्या मागे लपले असते. टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मधे मी, दाराशी काका. काका रस्ताभर मला सल्ला विचारत होते. "शिंगं कशी असावीत म्हणतेस?" मी म्हटलं, "दोन." काका ड्रायव्हरला म्हणाले, "बघ, फालतू बोलत नाय."

म्हशाचा बाजार तुम्ही बघितला नसेल तर एवढंच सांगते, की जिथे नजर जाईल तिथे शेपट्या. मी दोन शेपट्यांच्या मधून चालत होते आणि प्रत्येक शेपटीला 'सॉरी' म्हणत होते. आणि लोक? लोक मला बघून बाजूला होत होते. एक आजोबा दुसऱ्याला म्हणाले, "हीच ती. आवाजावरनं सांगते." पलीकडे घोंगड्यांच्या ढिगावर बसलेल्या एका पोरानं मोबाइल कानाला लावला होता, आणि त्यातून माझाच आवाज येत होता. 'आत्ताच धरा.'

इतक्यात समोर एक जाडजूड दलाल आला. खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध. सगळे त्याला शेठ म्हणत होते.

"ताई," तो म्हणाला, "किती वाट बघायला लावलीत. दोन डांगी ना? हे काय, उभे हायत."

आणि खरंच दोन डांगी उभे होते. पांढरे, काळ्या शिंतोड्यांचे, रवंथ करत, माझ्याकडे बघत. मला त्या क्षणी असं वाटलं की गाणं नाही, गायकच मोबाइलमधून बाहेर आलेत.

"हेच का गो?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात अशी काही आशा होती, की 'नाही' म्हणायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

शेठ म्हणाला, "इगतपुरीकडचेच. सख्खे भाऊ. एका गायीचे." ग्रुपवरचा मेसेज त्यानं चांगला पाठ केला होता.

"सुरुवातीला संथ वाटतात," गर्दीतलं कोणीतरी म्हणालं.

"वाटनारच. दीड मिनिट थांबा, ताईंनीच सांगितलंय," शेठ म्हणाला.

आणि खोटं वाटेल तुम्हाला, पण लोक थांबले. तीस-चाळीस माणसं दोन बैलांभोवती गोल करून उभी, आणि एकानं घड्याळ लावलं. सगळीकडे शांतता. बैल रवंथ करतायत. एक मिनिट झालं. काकांनी टोपी काढून हातात घेतली. सव्वा मिनिट. दीड मिनिट पुरं झालं आणि डावीकडच्या बैलानं शेपटी वर केली.

"उठला," घड्याळवाला म्हणाला.

पुढच्या रांगेतली माणसं चटकन मागे सरली. एक म्हणाला, "जमीन हालली नाय, पन भिजली."

आता बास, असं मी ठरवलं. काकांची फसवणूक माझ्यामुळे होता कामा नये. बोलून मला जमत नव्हतं, म्हणून मी मोबाइल काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि गाणं लावलं. म्हटलं, ऐकतील तर कळेल की दोन डांगी ही माणसं आहेत, दोन पोरं आहेत, त्यांच्या गळ्यात गिटार आहे आणि पायात चपला.

गाणं सुरू झालं. हळू. एकाचा जाड आवाज, मग दुसऱ्याचा मऊ. त्या सगळ्या घंटा, हंबरणी, भोंगे, त्यात ते गाणं इतकं सुंदर वाटलं म्हणून सांगू. दोन्ही बैलांनी एकदम कान पुढे केले.

"काका, हे दोन डांगी," मी मोबाइल वर धरून म्हटलं.

काकांनी मोबाइलकडे बघितलंच नाही. ते बैलांकडे बघत होते. मग हळूच शेजारच्याला म्हणाले, "बुजत नाय बघ. कानाशी एवढा कल्ला, पण बुजत नाय. पोरीनं काय परीक्षा काढलीय."

गर्दीत कुजबुज झाली. न बुजणारा बैल म्हणजे लाखात एक. उताराच्या खाचरात बैल बुजला तर बैल खाली, नांगर खाली आणि माणूस सगळ्यात खाली. शेठला तेवढ्यात घाई सुटली. त्यानं खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि टॉवेलाखालचा हात काकांच्या दिशेनं पुढे केला.

गुरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, जितकी बोटं कमी तितका भाव कमी. बघणाऱ्याला काही कळत नाही. समोरचा 'हां' म्हणाला की चार माणसांत शब्द गेला, मग मागे फिरता येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं शेठ हात पुसतोय.

आणि गाण्याचं दीड मिनिट पूर्ण झालं.

गाणं उठलं. त्याच वेळी उजवीकडच्या बैलानं माझ्या मानेवर एक लांब, गरम श्वास सोडला. मी आयुष्यात अनेकदा दचकले आहे, पण हा त्या सगळ्याचा बक्षीस समारंभ होता. मी पुढे उडी मारली आणि जे हाताला लागलं ते दोन्ही हातांनी घट्ट पकडलं. हाताला लागला तो टॉवेल. टॉवेलाखाली शेठचा हात. आणि माझ्या मुठीत शेठचं एकच बोट, मागच्या बाजूला वाकलेलं.

"आं," शेठ ओरडला. "आं, आं."

"हां म्हणाला," गर्दीतले आजोबा म्हणाले.

"हां म्हणाला, हां म्हणाला," सगळे म्हणायला लागले.

"आं म्हणालो रं," शेठ कळवळून म्हणाला.

"तीनदा म्हणालास शेठ. सगळ्यांनी ऐकलंय," घड्याळवाला म्हणाला.

मी बोट सोडायला हवं होतं. पण मी घाबरले की पकड सुटत नाही, वाढते. त्यामुळे शेठ चौथ्यांदाही म्हणाला.

एका बोटाचा भाव काय होतो, ते काकांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. एवढंच बघितलं की शेठ बोट तोंडात घालून बसला होता, आणि दोन माणसं त्याला पाणी देत होती. काका मात्र बैलांच्या कपाळाला गुलाल लावत होते. म्हाताऱ्या बैलाशीच फक्त ते असे बोलतात, तसे ते त्या दोघांशी बोलत होते, अगदी हळू.

परत येताना टेम्पोत मागे बैल, पुढे आम्ही. मुरबाड गेलं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. सरळगावच्या नाक्यावर टेम्पो थांबला, आणि मी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. ग्रुप, शुक्रवार, इंडी पॉप, दोन भाऊ, गिटार, कुकरची शिट्टी. एका श्वासात.

काका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. टेम्पो सुटला. दोन गावं गेली. मला वाटलं आता मला उतरवून देतील, आणि बैलांना माझ्या जागेवर बसवतील. मग ते म्हणाले, "म्हंजे तू बैल पसंत केले नाय."

"नाही."

"मीपण नाय केले. मी तुझ्यावर इसवास ठेवला."

"सॉरी, काका."

"मंग पसंत केले कोणी?"

आम्ही दोघांनी मागच्या जाळीतून पाहिलं. दोन्ही बैल शांतपणे आमच्याकडे बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "त्यांनीच केलं असंल. तो उजवा ताईच्या मानेला कसा बिलगला होता."

काका हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. पण ठसका थांबल्यावर ते एकदम गंभीर झाले, आणि बोट वर करून म्हणाले, "पण हे कोणाला सांगायचं नाय. सगळ्या बाजारात मी बोललोय, पुतणीनं पारखून दिले. तू खोटी ठरलीस तर मी गाढव ठरतो. समजलं? आजपासून तुला गुरातलं कळतं."

"मला नाही कळत, काका."

"मला म्हायत हाय. बाकीच्यांना नाय."

जोडी गुणाची निघाली. पहिल्या दिवशी जुवाला लावली तशी चालायला लागली, उताराला पाऊल जपून टाकते, हाकेला वळते. काका तर प्रेमातच पडलेत. त्याचं श्रेय सगळं मला मिळतं, आणि तोच घोळ आहे. कारण बैल जितके चांगले निघाले, तितकी माझी कीर्ती वाढली. मी बसस्टॉपला उभी असते, आणि अनोळखी माणूस येऊन विचारतो, "ताई, गायीचा डावा कान हालत नाय, काय समजायचं?" मी "अं" म्हणते. तो "बरोबर" म्हणून जातो.

काकांनी मला शिकवून ठेवलंय. कोणी जनावर दाखवायला आणलं तर एक फेरी मारायची, हनुवटीला हात लावायचा आणि 'हं' म्हणायचं. बाकी ते सांभाळून घेणार. तीन-चार वेळा जमलं. मला वाटायला लागलं, कोण जाणे, खरंच थोडं कळायला लागलं असेल.

असं वाटणं वाईट असतं.

मागच्या रविवारी मुरबाडच्याही पार पलीकडनं एक गृहस्थ आले. पांढरा झब्बा, सोबत दोन माणसं, आणि अंगणात उतरवलेलं एक काळंभोर, चकचकीत, दणदणीत जनावर. लांबून खास माझं मत घ्यायला आले होते. काकी चहा टाकायला आत गेली. काका माझ्या मागे उभे. आजूबाजूच्या घरांतली माणसं कुंपणाला.

मी एक फेरी मारली. हनुवटीला हात लावला. 'हं' म्हटलं.

तिथंच थांबायचं होतं. पण ते गृहस्थ इतक्या आदरानं बघत होते, आणि अंगण इतकं गप्प होतं, की मला ती शांतता सहन होईना. मला वाटलं, एवढे लांबून आलेत, नुसत्या 'हं'वर कसं परत पाठवायचं? काहीतरी जाणत्या माणसासारखं बोलावं. मी त्या काळ्याभोर पाठीवर दोन बोटं टेकवली, डोळे बारीक केले आणि सावकाश म्हटलं, "दुधाला फार चांगली आहे."



गृहस्थांनी काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अगदी हळू आवाजात, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून, ते म्हणाले, "ताई, रेडा हाय."

 तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. शांत, ठाम, बाजारातला. "ती त्याच्या लेकींचं बोलतेय. रेड्याचं दूध त्याच्या लेकींत दिसतं. हिला पुढच्या पिढीपर्यंतचं दिसतं."

गृहस्थांनी मला हात जोडले. दोन्ही माणसांनी जोडले. कुंपणावरच्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं.

काका माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांकडे बघून हसले, आणि ओठ न हलवता माझ्या कानात म्हणाले, "आत जा गो. गाणी ऐक."